अडतीस वर्षांचा तडा

दिवेवाले काका तीनला येणार होते आणि अडीचलाच माईंच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं म्हणाल तर पाचच. पण माईंनी घर आवरायला काढल्यापासून निम्मं सामान खोक्यांत होतं आणि उरलेलं निम्मं खोक्यांवर. पुढच्या आठवड्यात माई लेकीकडे, म्हणजे ताईकडे, राहायला जाणार होत्या. भांडी, पुस्तकं, कपाटं, शिवणयंत्र, सगळ्याची वाटणी दोन रविवारांत विनातक्रार झाली होती. विनातक्रार म्हणजे या घरच्या मानाने. थोरला मुलगा आणि ताई मधले चार दिवस बोलत नव्हते, एवढंच.

राहिला होता तो निळा दिवा. गडद निळ्या काचेची जाड बैठक, वर तशाच काचेची तेलाची टाकी, टाकीच्या तोंडाला पितळी कडं आणि त्यात बसवलेली उंच साधी काच. पणजोबांच्या वेळेपासून घरात होता म्हणत. त्यात तेल घातलेलं मात्र कोणाच्याच आठवणीत नव्हतं.

"दिवा कुठला, कसला, ते आधी कळू दे," माईंनी बजावलं होतं. "मग कोणाला द्यायचा ते मी सांगेन."

झालं! तेव्हापासून प्रत्येकाने आपापली तयारी सुरू केली. थोरला जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाला होता, पण मोजणी काही त्याच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्याने दिव्याचा सर्व बाजूंनी नकाशा काढला होता, मिलिमीटरमध्ये, आणि तो फायलीत लावून मांडीवर घेऊन बसला होता. ताई शाळेची मुख्याध्यापिका. तिचं म्हणणं, दिवा ज्याने पुसला त्याचा, आणि इतकी वर्षं दर सुट्टीत येऊन तो तीच पुसत आली होती. धाकटा कॉलेजच्या रसायनशाळेत होता, एकटा जीव. त्याला दिवा नकोच होता. सकाळपासून तो तीनदा म्हणाला होता, "कशाला त्या म्हाताऱ्या माणसाला जिने चढायला लावताय?"

आणि वहिनी. थोरल्याची बायको. ती स्वयंपाकघराच्या दाराशी, दिव्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, एका खोक्यावर बसली होती. तिथे बस असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागत नसे.

कारण दिव्याच्या बैठकीला एक तडा होता, बोटभर लांबीचा, आणि तो वहिनीने पाडला होता. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात. तेव्हापासून या घरात कोणाच्या हातून बशी निसटली की बाकीचे एका सुरात ओरडत, "झाली वहिनी!" भाचरं ओरडत, पाहुण्यांची पोरं ओरडत. तिचा स्वतःचा मुलगा लहानपणी दूध सांडून "झाली वहिनी" म्हणाला होता, आणि सगळे पोट धरून हसले होते. तीही हसली होती. काय करणार?

पुढच्या महिन्यात त्या मुलाचं लग्न होतं. नवी सून घरात आली की आठवड्याच्या आत कोणीतरी हसत हसत तिला ही गोष्ट सांगणार, आणि ती पोरगी आपल्या सासूकडे त्याच नजरेने बघणार, याची वहिनीला आत्तापासून धास्ती होती. आज सकाळी तिने धीर करून ताईला म्हटलंही होतं, "तेवढं तिला सांगू नका हं." ताई म्हणाली, "अगं वहिनी, गंमत असते ती!" आणि विषय संपला होता.

गंमत म्हणजे ही वहिनी एका चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. घासून, कड मारून, फ्रेममध्ये बसवून. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक काच फुटली नव्हती. पण दुकानातली वहिनी घरातल्या कोणी पाहिली नव्हती.

काका आले ते धापा टाकत. पन्नास वर्षं दिवे दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. थोरल्याने लगबगीने दिव्यासमोरची खुर्ची पुढे केली. काकांनी ती फिरवली आणि दिव्याकडे पाठ करून बसले.

"आधी चहा. मग गोष्टी. मग दिवा."

"दिवा आधी बघितलात तर..." थोरला फाईल उघडत म्हणाला.

"छे! दिवा बघून मी तोंड उघडलं की माणसं गोष्टी बदलतात. तुम्ही आधी बोलून मोकळे व्हा."

थोरला खाकरला. या क्षणासाठी तो पंधरा दिवस आरशासमोर बोलत होता. "आमचे पणजोबा बंदरावर गोदामाचे राखणदार होते. एकदा वादळात एका परदेशी जहाजाचा कप्तान पाण्यात पडला. पणजोबांनी उडी मारून..."

"पणजोबांना पोहता येत नव्हतं," ताई म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"तूच. आपल्या खानदानात कोणाला पोहता येत नाही म्हणून मुलाला क्लास लावलास तेव्हा."

"मग दोर टाकला असेल! मुद्दा काय, कप्तान वाचला आणि त्याने जहाजावरचा हा दिवा बक्षीस दिला."

"आत्ता उडी मारली होती, आत्ता दोर टाकला," ताई काकांकडे वळली. "काका, खरी गोष्ट अशी, की दिवा पणजीकडून आला. ती एका राणीसाहेबांना शिकवायला जायची."

"पणजीला सही येत नव्हती," थोरला म्हणाला. "तिचा अंगठा मी कागदावर बघितलाय."

"शिवण! शिवण शिकवायची!"

"आत्ता नुसतं शिकवायची म्हणालीस."

"दादा, तू वर्गात असतास ना, तर मी तुला बाहेर उभं केलं असतं."

"बरं," काका चहाचा घोट घेत म्हणाले. "बुडणारा कप्तान एक, शिवण शिकणारी राणी एक. तुमचं काय?"

धाकटा दचकला. त्याची नजर मघापासून दिव्याच्या वरच्या काचेवर खिळली होती. "माझं? काही नाही. दिवा छान आहे. एवढं पुरे नाही का? दुसरा कप आणू?"

"नको. माई, तुमचं?"

माई खिडकीशी बसल्या होत्या, वय शहाऐंशी, पाठ ताठ. "माझं नंतर," म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. "आणि त्या ताई? दाराशी बसल्यात त्या."

खोलीत कोणीतरी फसकन हसलं. बहुतेक धाकटाच. "वहिनीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे," ताई म्हणाली.

"मला नाही."

वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझी गोष्ट एवढीच की मी पाडला. नवीन होते, कपाटावरची धूळ पुसत होते. धक्का लागला आणि दिवा कलंडला. खाली गादी होती, तिच्यावर पडला. फुटला नाही, पण ताईंनी उचलून बघितलं तर खाली तडा गेलेला."

"गादीवर पडला?"

"हो. जाड गादी होती, कापसाची."

"हं," काका म्हणाले आणि कप खाली ठेवला. "आता दिवा."

वरची काच त्यांनी अलगद काढली तेव्हा धाकटा पाणी प्यायला उठला. काकांनी काचेच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. "ही कड यंत्राने कापलेली आहे. आत काहीतरी छापलंय, इथे, कड्यात लपतं तिथे. मला बारीक दिसत नाही हो आता. मोतीबिंदू. वाचा कोणीतरी."

ताईने काच हिसकावल्यासारखी घेतली. वाचताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा लागला. "शंभर. मि. ली."

थोरला खुर्चीतून पुढे झुकला.

"जहाजावर मिलीलिटरच्या खुणा असायच्या का हो?" काकांनी थोरल्याला विचारलं.

थोरल्याने फायलीत बघितलं, जणू तिथे उत्तर असणार होतं. ताईने मात्र रसायनशाळेवाल्या भावाकडे बघितलं. धाकटा स्वयंपाकघराच्या दारात तांब्या हातात धरून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"डास होता," तो म्हणाला.

"काय?"

"काचेवर डास बसला होता. वर्तमानपत्राने मारला. एकोणीस वर्षं झाली. माई झोपल्या होत्या. मी तुकडे पिशवीत भरले आणि आमच्या प्रयोगशाळेतलं मोठं मोजपात्र आहे ना, त्याची नळी कापून आणली. अगदी मापात बसली!" शेवटचं वाक्य बोलताना त्याच्या आवाजात अभिमान शिरला, तो त्यालाच कळला आणि त्याने तांब्या तोंडाला लावला.

"म्हणजे एकोणीस वर्षं," ताई सावकाश म्हणाली, "मी मोजपात्र पुसतेय?"

"छान पुसतेस."

"आणि तू कोणाला बोलला नाहीस!" हे वहिनी म्हणाली. ती उभी राहिली होती. "काच फोडलीस आणि गप्प बसलास?"

धाकटा तांब्या घेऊनच खुर्चीवर येऊन बसला. "वहिनी, तुमचं काय झालं ते मी बघितलं होतं ना."

वहिनी पुन्हा खोक्यावर बसली. पण थोरल्याला पहिल्यांदाच आपल्या बायकोकडे बघायला लाज वाटली. तो फायलीची नाडी उगाच सोडू-बांधू लागला. बायकोची गंमत करण्यात तोही मागे नव्हता. किंबहुना पाहुण्यांना दिव्याची गोष्ट सांगायचं काम त्याच्याकडेच असे, आणि गादीचा उल्लेख तो हल्ली वगळत असे.

इकडे काकांची बोटं निळ्या काचेवरून फिरत होती, टाकीवरून, मानेवरून, बैठकीच्या खालून. मग त्यांनी खुशीत मान हलवली. "ओळखला. साच्यातला दिवा आहे. ही शिवण लागते बघा बोटाला, दोन बाजूंनी, साचा जिथे जुळतो तिथे. शंभरेक वर्षांचा असेल. रंग उत्तम. वीज नव्हती तेव्हा घरोघरी असायचे. याच नमुन्याचे चार माझ्या दुकानात पडलेत. एक हिरवा आहे."

"चार?" थोरला म्हणाला. "असेच?"

"असेच. फक्त त्यांच्यावर मिलीलिटर नाहीत."

"मग कप्तान?"

"कप्तानाने बाजारात घेतला असेल तर सांगता येत नाही."

ताईला हसू आलं, पण राणीसाहेबही त्याच बाजारात गेल्याचं लक्षात येऊन तिने ते गिळलं. भाऊबहिणींनी कित्येक महिन्यांनी एकमेकांकडे सहानुभूतीने बघितलं.

"पण एक सांगा," काका म्हणाले. "तो तडा कुठे आहे? मला लागला नाही."

"बारीक आहे," ताई म्हणाली. "बैठकीवर, मागच्या बाजूला. मी दाखवते."

"बारीक असला तरी नखाला लागतो. माझं नख पन्नास वर्षं हेच करतंय. भिंग आहे का कोणाकडे?"

"माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाली. पर्समधून तिने दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि दुरूनच पुढे केलं.

"मला देऊन काय उपयोग? कशाला वापरता हे?"

"चष्म्याच्या काचा तपासायला. चरे, बुडबुडे, शिरा."

"मग तुम्हीच बघा."

"मी बघते!" ताई उठली.

"तुम्ही शाळेत असता. त्यांना बघू द्या."

वहिनी टेबलापर्यंत आली. अडतीस वर्षांत ती या दिव्याच्या एवढी जवळ आली नव्हती. तिने दोन्ही हातांनी दिवा उचलला आणि त्याबरोबर तिघं भावंडं खुर्च्यांवरून अर्धी उठली, झेलायला. तिने ते बघितलं. दिवा खिडकीपाशी नेला, भिंग डोळ्याला लावलं, आणि मग तिच्या हातांचं काहीतरी झालं. ते दुकानातले हात झाले. रोज दोन-अडीचशे काचा उजेडात फिरवणारे, न थरथरणारे.

तडा दिसत होता. निळ्या काचेत पांढुरकी, किंचित वाकडी रेघ. तिने त्यावरून नख फिरवलं. मग आडवं फिरवलं. मग बैठकीच्या आतून, खालच्या बाजूने. दिवा तिरका केला, उजेड एका बाजूने घेतला, दुसऱ्या बाजूने घेतला. तडा असता तर कुठल्या ना कुठल्या कोनात तो चकाकला असता. तडकलेली काच आरशासारखी चमकते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. रेघ चमकली नाही.

"अहो," ती थोरल्याला म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "हा तडा नाहीये."

"म्हणजे?"

"काच कुठे तुटलेलीच नाही. ना वरून, ना आतून. रेघ काचेच्या पोटात आहे."

काका टाळी वाजवायचेच बाकी होते. "कात्रीचा वळ! वाटलंच मला. गरम काचेचा गोळा साच्यात सोडताना कात्रीने कापतात. कापलेली कड जरा गार पडते आणि साच्यात गेली की तशीच वळ होऊन राहते. दिसायला हुबेहूब तडा. कित्येक जण फसतात."

"म्हणजे हा केव्हापासूनचा?" ताईने विचारलं.

"दिवा झाला त्या दिवसापासूनचा."

आता बघा, वहिनी ही ओरडणारी बाई नव्हे. या घरातल्या भांडणांत तिचा वाटा म्हणजे चहा करणं. त्यामुळे ती ओरडली तेव्हा धाकट्याच्या हातातून खरोखरच तांब्या पडला, आणि "झाली वहिनी" म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

"गादीवर पडला होता! गादीवर! एवढी जाड काच कापसाच्या गादीवर पडून तडकते? मी रोज काचा हाताळते आणि मला एकदाही सुचलं नाही! तुम्ही सगळ्यांनी मला इतकं पटवलंत की मी माझंच काम विसरले!"

"मी काय मुद्दाम केलं?" ताई म्हणाली, पण आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. "रेघ दिसली, मी ओरडले. वीसचीही नव्हते गं मी."

"पुढची अडतीस वर्षंही ओरडत होतात!"

"आता जाऊ दे ना," थोरला पुटपुटला.

"तुम्ही तर बोलूच नका! दाखवा तो नकाशा. दाखवा काकांना. तडा लाल पेनने काढलाय आणि शेजारी माझं नाव लिहिलंय. तारखेसकट!"

थोरल्याने फाईल पाठीमागे लपवली.

"हा दिवा मी नेणार," वहिनी म्हणाली. "माझी सून आली की पहिल्या दिवशी तिच्या हातात देणार. आणि कोणी तिला काही सांगायचं असेल तर हे सांगायचं, की तिच्या सासूने काही तडकवलेलं नाही. आहे कोणाची हरकत?"

हरकत कोणाची नव्हती. ताईने तर जोरजोरात मान हलवली. प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. पण खिडकीशी बसलेल्या माई म्हणाल्या, "तो आधीपासूनच होता."

"हो माई, काका तेच सांगतायत."

"काकांचं नाही सांगत मी. माझं सांगतेय. मला माहीत होतं."

वहिनी दिवा धरून वळली.

"मी या घरात आले तेव्हा अठराची होते," माई म्हणाल्या. "दिवा मळला होता म्हणून गरम पाण्याने धुतला. दोन दिवसांनी सासूबाईंनी रेघ दाखवली. गरम पाण्याने तडकवलास म्हणाल्या. पुढे त्या होत्या तोवर, पाहुणा आला की माझी अक्कल निघायची. मुलं कळती व्हायच्या आत त्या गेल्या आणि मी तडा भिंतीकडे करून ठेवला. यांनी कधी विषय काढला नाही आणि मी मुलांना कळू दिलं नाही. मग तू आलीस. दिवा कलंडला, ही ओरडली, आणि मी गप्प बसले."

"का?" वहिनीने विचारलं. एवढंच विचारलं.

"सुटल्यासारखं वाटलं गं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड झालं. मग सगळे हसायला लागले, तूही हसायला लागलीस, मला वाटलं, चाललंय तर चालू दे. वाईट केलं मी. तुझ्याकडे बघवायचं नाही कधी कधी."

"आणि मी समजायचे तुम्हाला मी आवडत नाही," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि राग तसूभरही कमी झाला नव्हता. "माई, मला आत्ता तुमचा इतका राग आलाय की काय बोलू ते कळत नाही."

"बोल. ऐकते मी."

पण वहिनी काही बोलायच्या आत माईच काकांकडे वळल्या. त्यांची ताठ पाठ जराशी वाकली होती आणि त्या विचारत होत्या ते एखाद्या नव्या नवरीने विचारावं तसं, खालच्या आवाजात.

"काका, गरम पाण्याने होतो का हो असा वळ?"

"नाही माई. कशानेच नाही. तो भट्टीतच होतो."

"म्हणजे तेव्हा..." माईंनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. "म्हणजे मीही नव्हता का पाडला तो तडा?"

थोरला फायलीकडे बघत राहिला. ताईने तोंडावर हात ठेवला. अडुसष्ट वर्षांचा हिशोब या घरात कोणी मोजला नव्हता, मोजणीदारानेसुद्धा नाही.

वहिनी दिवा घेऊन माईंकडे निघाली.

"सांभाळून!" ताईच्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं तशी ती म्हणाली, "सॉरी, सॉरी, सवय," आणि खाली बसली.

वहिनीने दिवा माईंच्या मांडीवर ठेवला, एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने माईंचं सुरकुतलेलं बोट धरून त्या रेघेवर टेकवलं.

"नख फिरवा. आडवं. अडतंय कुठे?"

माईंनी नख फिरवलं. परत फिरवलं.

"नाही अडत."

"बैठकीच्या आतून बघा."

"तिथेही नाही."

"मग?" वहिनी म्हणाली. आवाजात राग होता तसाच होता, पण बोट तिने सोडलं नव्हतं. "नाही पाडलात तुम्ही. आणि मीही नाही."